गुणगौरव पुरे, आता वार लावू या

बृहन्महाराष्ट्रातील मराठी संस्थांनी दहावी-बारावीच्या टक्केवारीवर आधारलेला गुणगौरव समारंभ बंद करावा, आणि त्यावर खर्ची पडणारा पैसा, वेळ व उत्साह आपल्या शहरांत घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलामुलींकडे वळवावा, ही सूचना मांडण्यासाठी हा लेख आहे. सूचना अनेकांना रुचणार नाही. वर्षभरातील कार्यक्रमांत सभागृह भरते ते गणेशोत्सवाच्या नाटकाला आणि या समारंभाला. ज्या कार्यक्रमाला आजी-आजोबा नातवंडांसह हौसेने येतात, तोच बंद करा म्हणणाऱ्याला कोण भले म्हणेल? तरीही हे म्हटले पाहिजे, कारण प्रश्न आपल्या मुलांच्या जिवाशी येऊन ठेपला आहे.

आपल्या संस्थांचा विद्यार्थ्यांशी संबंध येतो तो केवढा आणि कसा, हे आधी पाहू. वर्षातून एक दिवस आपण त्यांना बोलावतो. नव्वद टक्क्यांच्या वरचे अर्ज मागवतो. व्यासपीठावर नावापाठोपाठ टक्केवारी वाचली जाते, तीही दशांश चिन्हापुढील दोन आकड्यांसह. पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र, छायाचित्र होते. प्रमुख पाहुणे ‘मराठी माणसाची मान उंचावली’ असे म्हणतात आणि अल्पोपाहाराने सांगता होते. त्यानंतर ती मुलगी किंवा तो मुलगा पुण्याला, बेंगळुरूला, हैदराबादेला, एखाद्या आयआयटीत, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा विद्यापीठात जातो. पुढली चार-सहा वर्षे तो काय खातो, कोणाशी बोलतो, रात्री झोपतो की नाही, याची विचारपूस आपल्यापैकी कोणी करीत नाही. संस्थेला त्याची पुन्हा आठवण होते ती त्याला मोठी नोकरी लागल्याचे कळते तेव्हा किंवा लग्नपत्रिका हाती पडते तेव्हा.

आणि मधली वर्षे हीच धोक्याची असतात. मनाच्या आजारांपैकी सुमारे निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसून आले आणि मनोविकारशास्त्रात ते आज सर्वत्र आधारभूत मानले जाते. म्हणजे ज्या वयात मूल घर सोडते, त्याच वयात हे आजार डोके वर काढतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१३ मध्ये देशात ८,४२३ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२३ मध्ये हाच आकडा १३,८९२ होता. दहा वर्षांत सुमारे पासष्ट टक्क्यांची वाढ. या आकड्यांत शाळकरी मुलेही आहेत, हे खरे. पण आपल्याला अंतर्मुख करणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी राज्यवार यादीत पहिले नाव महाराष्ट्राचे होते, आणि पहिल्या तिघांत मध्य प्रदेशही होता. एक आपले मूळ घर, दुसरे आपल्यापैकी अनेकांचे राहते घर.

येथे पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते. आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला, नापास झालो तर वडिलांचा मार खाल्ला आणि पुन्हा बसलो. ही पिढीच नाजूक.’ हे वाक्य आपल्या बैठकींत इतक्या वेळा ऐकू येते, की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. वस्तुतः त्या वेळी सगळे होते. त्याला नाव नव्हते. कोणी कॉलेज अर्धवट टाकून परत आला की ‘त्याच्या डोक्यावर अभ्यासाचा परिणाम झाला’ असे म्हणत. कोणाला हवापालटासाठी आत्याकडे पाठवीत, कोणाला अंगारा लावीत, कोणाचे लग्न लावून देत. जुन्या वाड्यांत माडीवरची एखादी खोली अशी असे, की तिच्यात राहणाऱ्या काकांविषयी पाहुण्यांपुढे बोलायचे नसे. बोलायचे का नसे? घरात ‘तसले काही’ आहे असे बाहेर कळले, तर मुलींची लग्ने जमणार नाहीत, म्हणून. त्या काळची मने कणखर होती याचा पुरावा म्हणून आपण जे मौन पुढे करतो, ते मौन या भीतीपोटी पाळलेले होते.

काळही बदलला आहे. संस्थानी शहरात मॅट्रिक झालेल्या मुलाला दरबारच्या कचेरीत, शाळेत किंवा रेल्वेत कोठे ना कोठे चिकटता येत असे. आज २०२४ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला तेवीस लाखांहून अधिक मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. ज्यांना जागा मिळत नाही त्यांचे दुःख उघड दिसते. ज्यांना मिळते त्यांचेही एक दुःख आहे, आणि ते आपल्या समारंभाशी थेट जोडलेले आहे. शाळेत, गल्लीत आणि मंडळात पहिला आलेला मुलगा अशा वर्गात जाऊन बसतो, जेथे प्रत्येक जण कोठला तरी पहिलाच आहे. तेथे कोणाला तरी साठावे यावेच लागते. तो गणिताचा नियम आहे. परंतु ज्याला आपण वयाच्या सोळाव्या वर्षी व्यासपीठावर उभे करून ‘तू म्हणजे तुझी टक्केवारी’ असे सांगितले, त्याने साठावे आल्यावर स्वतःला काय म्हणावे? आणि सत्रात दोन विषय राहिले, तर टाळ्या वाजवणाऱ्या त्या सभागृहात पुन्हा कोणत्या तोंडाने यावे?

आत्महत्येला किंवा नैराश्याला एकच कारण क्वचितच असते, असे मनोविकारतज्ज्ञ सतत सांगत असतात. आपल्या समारंभामुळे कोणी जीव देतो, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. आरोप एवढाच आहे, की मुलाला खाली पडण्याची भीती वाटावी अशी उंची आपण निर्माण करतो आणि पडल्यावर परतता येईल असे दार मात्र ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आहे. कष्ट करून गुण मिळवणाऱ्याचे कौतुक करू नये काय? अवश्य करावे. आईने पेढे वाटावेत, मामाने घड्याळ द्यावे, शिक्षकांनी पाठ थोपटावी. संस्थेची गोष्ट निराळी. संस्था ज्याचा जाहीर सत्कार करते, त्यावरून ती काय मोलाचे मानते हे मुलांना कळते. मागच्या रांगेत बासष्ट टक्के मिळवलेला, बहुधा व्यासपीठावरच्याच कोणाचा तरी चुलतभाऊ असलेला मुलगा बसलेला असतो. त्याला त्या संध्याकाळी जे कळते ते तो जन्मभर विसरत नाही. पुढे तो मंडळाकडे फिरकत नाही, आणि आपण ‘तरुण पिढीला मराठीची आस्था नाही’ या विषयावर परिसंवाद ठेवतो.

तिसरा आक्षेप असा, की हा वैद्यकाचा विषय आहे, साहित्यसंस्थेने त्यात पडू नये. डॉक्टरांचे काम डॉक्टरांनीच करावे, यात वाद नाही. कायदा आणि न्यायालये या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेली आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये अमलात आला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, हे तत्त्व त्याने स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. हे सर्व हवेच होते. पण बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकार असलेल्यांपैकी बहुसंख्यांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. आजारागणिक हे प्रमाण सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत होते. कारण समुपदेशकाच्या खोलीपर्यंत जायला आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. वसतिगृहातील मुलगा दोन दिवस जेवायला उतरला नाही, हसणारी मुलगी महिनाभरात गप्प झाली, हे पाहणारा डोळा न्यायालयाच्या निर्देशाने नेमता येत नाही. तो शेजाऱ्याचा, नातलगाचा, यजमानाचा डोळा असतो.

असा डोळा एके काळी आपल्या समाजाजवळ होता. त्याचे नाव ‘वार’.

आपल्या वाचकांना वार म्हणजे काय हे सांगायला नको, पण नातवंडांना सांगावे लागेल. शिकायला परगावी आलेला गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायला जाई. सोमवार वैद्यांकडे, मंगळवार मास्तरांकडे, बुधवार वकिलांकडे. दारोदार फिरून अन्न गोळा करण्याची माधुकरी वेगळी. वारात विद्यार्थी पानावर बसून जेवे. या चालीने पोटे भरली, हे तर सगळेच सांगतात. तिचा दुसरा उपयोग कोणी मोजला नाही. सात घरांतील सात बायका त्या मुलाचे तोंड आठवड्यातून एकदा पाहत. भात टाकला तर ‘बरं नाही का रे?’ असे विचारीत. आला नाही तर दुसऱ्या दिवशी निरोप जाई. आजच्या भाषेत ज्याला आधारव्यवस्था म्हणतात, ती स्वयंपाकघरातून कोणी काही न ठरवता चालत होती.

परंतु वाराचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. वार जातीत बांधलेला होता. पान कोठे मांडायचे, भांडे कोणी विसळायचे, कोणाला ओसरीवरून आत घ्यायचे, हे सारे ठरलेले असे. जातीबाहेरच्या मुलाला वार नव्हता. जातीतल्या गरिबालाही उपकाराची जाणीव पदोपदी करून दिली जाई. शिळे वाढल्याच्या, पाणी भरायला लावल्याच्या आठवणी आत्मचरित्रांतून विखुरलेल्या आहेत. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले.

आणि या संदर्भात बडोद्याची गोष्ट कोणत्याही मराठी माणसाने विसरता कामा नये. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. कोलंबिया विद्यापीठात शिकून ते १९१७ मध्ये करारानुसार बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत नाव लपवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला त्यांनी सबबी सांगितल्या, आणि कामाठीबागेत त्यांना दुःखी मनाने बसून राहावे लागले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राजाने त्यांच्या गुणांचा गौरव केला, पण शहराने दार उघडले नाही. गुणगौरव आणि घर यांत किती अंतर असते, याचे यापेक्षा कठोर उदाहरण मिळणार नाही.

ते अंतर संपलेले नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी, जळगाव जिल्ह्यातील आदिवासी घरातून आलेली डॉ. पायल तडवी गेली. विद्यापीठांतील भेदभाव रोखण्याचे नियम कागदावरच राहिले आहेत, असे म्हणत या दोघांच्या माता २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘ही पिढीच नाजूक’ हे वाक्य या दोन मातांसमोर उच्चारण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणाला होईल, असे वाटत नाही. विद्यार्थ्याचे मन नेहमी आतूनच मोडते असे नाही. पुष्कळदा ते बाहेरून मोडले जाते.

म्हणून सूचना अशी, की वार पुन्हा लावावा, पण तीन अटींवर. पहिली, आडनाव विचारू नये. ‘तुम्ही कुठले? म्हणजे मूळचे?’ या आपल्या गोड प्रश्नामागे काय दडलेले असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. दुसरी, गुण विचारू नयेत. ‘यंदा किती पडले?’ हा प्रश्न त्या घरात वर्ज्य असावा. तिसरी, उपकार मोजू नयेत. मुलाला भाजी चिरायला लावावी, संगणकातले चार प्रश्न विचारावेत, पण त्याला व्यासपीठावर बोलावून आभार मानायला लावू नये. आठवड्यातून एक दिवस जमत नसेल तर पंधरवड्यातून एक. ताटात दोन पोळ्या अधिक लागतील, एवढाच खर्च.

‘मुले येणार नाहीत, त्यांना मोबाइल पुरे,’ असे कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि तेरा ते एकोणतीस या वयोगटात हे प्रमाण सतरा ते एकवीस टक्के आहे. मोबाइल हाती असलेलीच ही मुले आहेत. पहिल्या बोलावण्याला ती लाजतील. तिसऱ्या खेपेला घरच्या वरणभाताचा वास आपले काम करील.

साहित्यसंस्थेनेच हे का करावे, याचे उत्तर आपल्या भाषेत आहे. नांदेडहून हैदराबादला, जळगावहून इंदूरला, धुळ्याहून बडोद्याला आलेले मूल वर्गात इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, गुजराती वा तेलुगू बोलते. त्या भाषांत ते परीक्षा देते, रिक्षा ठरवते, भांडतेसुद्धा. पण ‘मला काही सुचत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘आत काहीतरी तुटल्यासारखं झालंय’ हे माणूस बहुधा आईच्या भाषेतच बोलतो. परभाषेतील समुपदेशकापुढे तो ‘थोडा स्ट्रेस आहे’ एवढेच सांगून उठतो. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून आपण मराठी जपली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. ती नाट्यगीतांपुरती आणि अध्यक्षीय भाषणांपुरतीच जपली असेल, तर जपून काय साधले? दुःख सांगायला जी भाषा उपयोगी पडते, तीच पुढच्या पिढीत जिवंत राहते.

यजमानाने आपली मर्यादाही ओळखावी. वाराचे घर म्हणजे उपचारकेंद्र नव्हे. मूल सतत निराश दिसले, झोप आणि भूक उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, मरणाविषयी बोलू लागले, तर उपदेश करू नये आणि ‘असे वेडे विचार मनात आणू नकोस’ म्हणून दटावूही नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘होय’ असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि स्वतः बरोबर जाऊन मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस उपलब्ध आहे; तो क्रमांक दूरध्वनीजवळ लिहून ठेवावा. आणि ऐकलेले मंडळाच्या कट्ट्यावर नेऊ नये. जीव वाचवण्यासाठी ज्याला सांगणे आवश्यक आहे, त्यालाच सांगावे.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. आपल्यापैकी किती घरांत आज फक्त दोन वृद्ध आणि तीन रिकाम्या खोल्या आहेत? आपली मुले दूर आहेत. ग्वाल्हेरची मुलगी हैदराबादेत, हैदराबादचा मुलगा बडोद्यात, बेळगावची मुलगी इंदुरात शिकते आहे. ही पत्रिका या सर्व शहरांत जाते. प्रत्येक संस्थेने दोन याद्या कराव्यात: एक, आपल्या शहरात शिकायला आलेल्या मराठी मुलांची, टक्केवारीचा रकाना नसलेली; दुसरी, वार देऊ इच्छिणाऱ्या घरांची. मुलांची यादी त्यांच्या संमतीनेच करावी आणि कोठेही छापू नये. घरांच्या यादीसाठी सचिवांनी एकमेकांना एक पत्र लिहिले तरी पुरे. तुमची मुलगी बुधवारी आमच्याकडे जेवेल, आमचा मुलगा शनिवारी तुमच्याकडे.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत गुणगौरवाचा विषय पत्रिकेवर येईल, तेव्हा कोणीतरी एका सदस्याने उठून विचारावे: मागील पाच वर्षांत आपण ज्यांना पुष्पगुच्छ दिले, ती मुले आज कोठे आहेत आणि कशी आहेत? उत्तर देता आले नाही, तर पुष्पगुच्छांची मागणी नोंदवण्यापूर्वी त्यांचे पत्ते शोधायला लागावे.